नानांचा भाचा

वाघजाईवाडीत नानांच्या चाळीत आम्ही राहत होतो, तेव्हा आमच्या खोलीतला सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा होता. माझे वडील रागीट नव्हते. त्यांना रागावलेलं मी फार कमी पाहिलं. पण कंपनीत ते पॉवर प्रेसवर होते, आणि दिवसभर त्या धडधडीत उभं राहून आलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. घरी आल्यावर ते "चहा टाक गं" म्हणायचे आणि शेवटच्या खोलीतल्या बाईला वाटायचं, भांडण लागलं. आई म्हणायची, "अहो, मी इथंच हाय, बीडला न्हाई." ते हसायचे आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणायचे, "हळूच बोललो की!"

आम्ही बीडकडचे. मी तालुक्याच्या शाळेत बारावी झालो आणि आकुर्डीच्या इंजिनियरिंग कॉलेजात माझा नंबर लागला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णा आधीच चाकणला कंत्राटी कामावर होते. नंबर लागल्यावर आई आणि मी गाठोडी बांधून त्यांच्याकडे आलो. नानांची चाळ म्हणजे गोठ्याला लागून पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, समोर कांद्याची वखार, आणि वखारीपलीकडे नानांचं दगडी जोत्याचं घर. दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा. म्हशींच्या साखळ्या वाजायच्या. कांदा सडायला लागला की त्याचा वास भाकरीलासुद्धा लागायचा. आई रोज ज्वारीच्या भाकरी थापायची, येसराची आमटी करायची, आणि मालकीणबाई इंद्रायणीचा चिकट भात पातेलीभर पाठवायच्या. आईला वाटायचं, भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण. "ह्यानं पोट भरतंय व्हय?" असं म्हणत म्हणत ती तो भात खायला शिकली, आणि पुढं पुढं तर मालकीणबाईंची पातेली आली नाही की दाराकडे बघायची.

नानांचं माझ्यावर ऋण आहे, ते आधीच लिहून टाकतो. त्यांच्या जमिनीतली बरीचशी कंपन्यांच्या खाली गेली होती, ओढ्याकाठची भातखाचरं तेवढी उरली होती. पोरगं शिकतंय म्हणून त्यांनी स्वतःच्या घरावरची पोटमाळ्याची खोली मला अभ्यासाला दिली. दिवा त्यांचा, टेबलही त्यांचं. "इंजनेर झाला की आमची मोटार तरी दुरुस्त करशील," एवढीच त्यांची अपेक्षा. मी त्यांना मालक म्हणायचो. अण्णाही मालक म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असून.

माझं शेवटचं वर्ष सुरू होतं, तेव्हा नानांनी चाळ पाडायचं ठरवलं. तिथं चार मजली इमारत उभी करायची होती. भात कापून झाला की खोल्या मोकळ्या करा, असं सगळ्यांना सांगितलं. एकेक बिऱ्हाड टेम्पोत सामान भरून जाऊ लागलं. अण्णा सुट्टीच्या दिवशी सायकलवर पार भोसरीपर्यंत खोल्या बघून आले. जिथं खोली परवडेल तिथून कॉलेज लांब, कॉलेज जवळ तिथं खोली परवडेना. आई म्हणाली, गावाकडं जाते, तुम्ही दोघं कुठंही राहा. मी परीक्षा पुढच्या वर्षी देतो म्हणालो. अण्णा दोघांनाही "बघू" एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज मला त्या आठवड्यात पहिल्यांदा लहान वाटला.

क्रिकेट मी शाळेत शिकलो होतो. आमच्या शाळेच्या मैदानाला मागच्या बाजूनं नाला होता, त्यामुळं गोलंदाजाला धावायला जागाच नसे. दोन-चार पावलांत जे काय करायचं ते करायचं. त्यामुळं माझा हात जोरात फिरायचा आणि पाय जवळजवळ हलायचेच नाहीत, आणि समोरच्याला चेंडू कधी सुटला ते कळायचं नाही. अभ्यासाचा कंटाळा आला की मी वखारीच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारत बसायचो. नानांचा मुलगा दत्ता गावच्या संघाचा कॅप्टन. त्यानं एकदा बॅट आणली आणि म्हणाला, "टाक बघू." मी टाकला. त्यानं मागं वळून बघितलं, तर स्टंप म्हणून उभा केलेला पत्र्याचा डबा गडगडत गोठ्यात गेला होता. "भावा," तो म्हणाला, "तू इतकी वर्षं काय पुस्तकं वाचत बसलास?"

अडचण एकच होती. आमच्या भागातल्या त्या स्पर्धा गावमर्यादित असायच्या. संघात पोरं गावचीच हवीत, भाडेकरू चालायचा नाही. नाहीतर प्रत्येक गाव कंपन्यांमधली तगडी पोरं गोळा करून आणेल, अशी भीती. एकालाच सूट होती, ती म्हणजे भाच्याला. गावाच्या लेकीचा मुलगा हा गावचाच धरायचा. कुस्तीच्या फडात तसं चालत आलं होतं, ते क्रिकेटमध्येही आलं. भाचा आला की त्याला कुणी अडवत नसे. त्याची आई याच मातीत वाढली, मग त्याचा हक्क कसा नाकारायचा?

नानांना एक थोरली बहीण होती, कोकणात दिलेली. जमिनीचे पैसे आले तेव्हा भावाबहिणीत काहीतरी बिनसलं आणि ती यायची बंद झाली. तिच्या मुलांना ओढ्यापलीकडच्या करंजवाडीत कुणी ओळखत नव्हतं. दत्तानं ही गोष्ट चहा पिता पिता सुचवली. नानांनी बशीतला चहा संपवला. मग अण्णांना म्हणाले, "माणिकराव, पोरगं आठ दिवस आमचं. चालंल का?" अण्णा त्यांच्या आवाजात म्हणाले, "न्या की मालक! मामाच्या घरी जायला कोण नको म्हणतंय!" सगळे हसले. नाना उठताना म्हणाले, "फायनल मारून दे बालाजी. तुझी परीक्षा होईस्तवर मी तुमच्या खोलीला हात लावत न्हाई." ते गमतीनं म्हणाले की खरंच, हे कळायला मार्ग नव्हता. आईनं ते खरं धरलं. अण्णांनीही धरलं, कारण ते हसायचे थांबले.

पहिल्या सामन्यांना मी नानांचा भाचा म्हणून खेळलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. माईकवाला ओरडायचा, "नानांचा भाचा, कोकणातलं वादळ!" आणि मी, ज्यानं समुद्र पाहिला नव्हता, गालातल्या गालात हसायचो. आज माझा मुलगा सोसायटीमागच्या टर्फवर खेळतो. जाळीच्या आत, दिव्याखाली, तासावर पैसे भरून. तिथं कुणी कुणाला विचारत नाही, तू कुठला. मला ते बघून बरं वाटतं आणि जरा चुकल्यासारखंही वाटतं.

फायनल रविवारी होती, करंजवाडीशी, भात कापलेल्या खाचरात. खेळपट्टी माती घालून, चोपून, शेणानं सारवली होती. त्या सारवणाला आईही गेली होती चाळीतल्या उरलेल्या बायकांबरोबर. सामने शनिवार-रविवारचे आणि अण्णांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, म्हणून माझा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. त्या दिवशी पहिली शिफ्ट करून ते सायकल मारत थेट मैदानावर आले. निळा युनिफॉर्म, कॅरियरला डबा. येऊन ते नेमके करंजवाडीच्या लोकांत उभे राहिले, कारण सायकल लावायला तिकडं सावली होती.

मी पहिली ओव्हर टाकत होतो. त्यांच्या सलामीच्या फलंदाजाची दांडी गुल झाली आणि सगळ्या कल्लोळावर एक आवाज आला.

"शाब्बास बाळ्या! खालीच टाक, खाली!"

अण्णा विसरले होते. ते मुद्दाम करणारे नव्हतेच. पोराला खेळताना पहिल्यांदा बघितलं आणि तोंडातून निघून गेलं. त्यांच्या शेजारी सुदाम होता, त्यांच्याच कंपनीतला, पेंटशॉपचा, करंजवाडीचा. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकत्र डबा खायचे. त्यानं भोळेपणानं विचारलं, "माणिकराव, हा तुमचा बालाजी काय?" ते करंजवाडीच्या कॅप्टनच्या कानावर पडलं. त्यानं ते मनात ठेवलं. फलंदाजी चालू राहू दिली. शेवटची ओव्हर आली, त्यांना आठ धावा हव्या होत्या, दत्तानं चेंडू माझ्या हातात दिला, तेव्हा तो कॅप्टन पॅड बांधलेलाच मांडवाकडे पळत गेला.

"हा पोरगा वाडीचा न्हाई. भाडेकरूचा हाय. बाप इथंच उभा हाय त्याचा, विचारा!"

खेळ थांबला. मांडवात पंचांचं टेबल होतं, तिथं तिसऱ्या गावचे एक निवृत्त हेडमास्तर बसले होते. त्यांनी नानांना बोलावलं.

"नाना, भाचा ना हा तुमचा?"

"व्हय. थोरल्या बहिणीचा."

"शपथेवर?"

नाना मांडवाच्या खांबाकडे बघायला लागले. हेडमास्तरांनी मग अण्णांना पुढं बोलावलं. अण्णा डबा हातात घेऊन गेले. तो डबा त्यांनी कॅरियरवर का ठेवला नाही, कोण जाणे. मी खेळपट्टीवरच उभा होतो. मांडव लांब नव्हता आणि माईक टेबलावरच होता.

"हा मुलगा तुमचा का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते नानांकडे बघत होते. मग त्यांच्या नेहमीच्या, प्रेसशॉपच्या आवाजात त्यांनी सांगितलं, आणि माईकनं ते ओढ्यापलीकडे नेलं.

"न्हाई साहेब. माझा न्हाई. मालकांचा भाचा हाय. मी नुसता भाड्यानं ऱ्हातो तिथं."

"मग ओरडलात कशाला बाळ्या म्हणून?"

"रोज बघतो ना साहेब. जीव लागतो."

कॅप्टननं सुदामला पुढं ढकललं. "तू सांग रे. कंपनीत हा काय सांगतो तुला?" सुदाम अण्णांसमोर उभा राहिला. दोघांची पँट कंपनीची निळीच, फक्त सुदामचा शर्ट घरचा होता. त्यानं अण्णांकडे बघितलं, मग खाली बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "माझी गफलत झाली असंल. त्यांचा मुलगा दुसरा हाय." करंजवाडीची पोरं त्याच्यावर ओरडायला लागली. हेडमास्तर म्हणाले, "खेळा."

ती ओव्हर मी कशी टाकली हे मला अनेकांनी नंतर सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. पहिला चेंडू बॅटच्या बुंध्यात, धाव नाही. दुसऱ्यावर त्यांनी एक धाव काढली. तिसरा पुन्हा बुंध्यात, त्यांच्या कॅप्टनच्या बुटावर आदळून यष्ट्यांत गेला. नवा आलेला पोरगा उंच मारायला गेला आणि दत्तानं झेल घेतला. मग एक चौकार गेला, तो बॅटची कड लागून. शेवटच्या चेंडूवर त्यांना तीन हवे होते. मी हात तेवढ्याच जोरात फिरवला आणि चेंडू बोटांतून सैल सोडला. फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेली, चेंडू मागाहून सावकाश आला आणि मधली यष्टी वाकली. लोक म्हणतात, तसा चेंडू त्या मैदानावर पुन्हा कुणी टाकला नाही. असेलही. इतकी चांगली गोलंदाजी मी आयुष्यात परत केली नाही, आणि मला ती आठवली की आजही मान खाली जाते. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच होतं, की हे लवकर संपलं पाहिजे. पायांना धावायची सवय नव्हती, म्हणून सगळं हातातूनच बाहेर पडलं असावं.

मला खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. नानांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला, मामानं बांधायचा असतो तसा. माईकवाला घसा फोडून सांगत होता, "नानांचा भाचा, नानांचा भाचा!" उंचावरून मला सगळं मैदान दिसत होतं. लोक माझ्याकडे येत होते आणि एक सायकल उलट दिशेनं बांधावरून चालली होती. परक्या माणसानं सामना संपल्यावर जसं जावं, तसे अण्णा निघाले होते. टाळ्या त्यांनी वाजवल्या असणार, पण त्या मला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत.

संध्याकाळी मालकीणबाई आमच्या खोलीत आल्या. हातात हिरवी साडी, वर नारळ. भाच्याची आई म्हणजे, मानलेली का होईना, माहेरवाशीण, तिचा मान द्यायचा, म्हणजे उद्या करंजवाडीच्या बायका विचारायला आल्या तरी बोलायला जागा राहणार नाही. त्यांना ते बोलताना फार अवघड झालं. आई चुलीपुढून उठली, हात पुसले, पदर पुढं घेतला.

"घेते वहिनी," ती म्हणाली. "पर मग भाऊबीजेला मालकांना ओवाळायला यीन मी. तवा कोण तू म्हणायचं न्हाई."

 मालकीणबाईंनी आईला जवळ घेतलं.

जेवायला बसलो तेव्हा आईनं अण्णांच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "लेकरू माझं न्हाई म्हणालात म्हणं."

"मंग काय म्हणायचं व्हतं?"

"काय न्हाई. मैदानावरनं इथपर्यंत ऐकू आलं. भाकर करपली माझी."

अण्णा मोठ्यानं हसले. मग मला म्हणाले, "शेवटचा बॉल झ्याक होता रं." मी मोठा घास घेतला. खोली परीक्षा होईपर्यंत राहिली. आमच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या पाडल्या, आमची एकटी मध्ये उभी. त्या पत्र्याखाली राहून मी पास झालो.

पुढच्या दिवाळीपर्यंत आम्ही दापोडीला राहायला गेलो होतो. आई ती हिरवी साडी नेसून दोन बस बदलून वाघजाईवाडीला गेली आणि नानांना पाटावर बसवून ओवाळलं. नाना जाईपर्यंत तिनं एकही वर्ष चुकवलं नाही. पहिल्या वर्षी तर ताटातली वात विझेपर्यंत नाना हुंदके देत होते. थोरलीचं नाव त्या मांडवात घेतलं, म्हणाले, ते तोंडातून बाहेर पडल्यापासून मला झोप नाही. नंतर कधीतरी ते कोकणात जाऊन आले असं कळलं. आईनं असं ते नातं खरं करून टाकलं. तिला तशी वाट होती. अण्णांना नव्हती. मामा होता येतं, बहीण होता येतं. आपला नाही म्हटलेला मुलगा पुन्हा आपला म्हणायला कुणापुढं उभं राहायचं? कंपनीत निम्मी माणसं करंजवाडीची होती. आणि खोटं उघडं पडलं तर नानांची मान खाली जाणार. तेव्हा अण्णा गप्प राहिले, निवृत्त होईपर्यंत. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. मला वाटायचं, ते एका दिवसापुरतं होतं.

अण्णा गेले त्याच्या आठव्या-नवव्या दिवशी पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटवर एक म्हातारा आला. वॉचमननं खालून फोन केला, कुणी सुदाम म्हणून आहेत. मी ओळखलं नाही. ते सोफ्याच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, अण्णांच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं.

"गावानं वर्षभर चहाला विचारलं न्हाई मला," ते म्हणाले. "फायनल घालवली म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला? राव, तुझे मार्क मला पाठ होते. प्रेसशॉपचा माणूस, हळू थोडाच बोलतोय. डबा उघडला की तुझं नाव. आमचा बालाजी असा, आमचा बालाजी तसा. बाकीचे उठून दुसरीकडं जेवायला जायचे." ते हसले, मग थांबले. "पण बाप आपल्या तोंडानं माझा न्हाई म्हणतोय, मग मी कोण व्हय म्हणणार? त्याचा डबा त्याच्या हातातच होता, बाळा. आतला चमचा वाजत होता."

मी त्यांच्यापुढचा पेला पुन्हा भरला.

"दुसऱ्या दिवसापासून तुझं नाव बंद. जेवायचं, हात धुवायचे, मशीनवर. मी पण कधी काढलं न्हाई. मग एक दिवस पेढे घेऊन आला. सगळ्या लाइनला वाटले. म्हणला, आमच्या मालकांचा भाचा इंजनेर झाला."

आतून बायकोनं चहा आणला. सुदामभाऊंनी कप घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मी म्हणलं, नशीबवान हाय तुमचा मालक. तर म्हणला, मालक न्हाई, त्याची बहीण. त्या बाईनं लई खस्ता काढल्या. मी मुद्दाम इचारलं, आन् पोराचा बाप? तो काय करतो?"

"काय म्हणाले?"

"बाप साधाच हाय म्हणला. पण त्या दिवशी मॅच बघायला आलता."